अतिथी अग्निदेव आणि दिवाळीचे स्वयंपाकघर

दीपावलीचे दिवस आले की घरोघर दोन ज्योती एकाच वेळी प्रज्वलित होतात. एक अंगणातल्या पणतीची आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या चुलीची. पहिलीचे वर्णन कवींनी केले, दुसरीचे मात्र फारसे कोणी केले नाही. वसुबारसेच्या आधी आठ दिवस जी कढई चढते ती भाऊबीज होईपर्यंत उतरत नाही. त्या कढईसमोर बसणारी किंवा ओट्याशी उभी राहणारी गृहलक्ष्मी पहाटे चारला उठते आणि सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या हातांविषयी आज चार शब्द लिहावेत अशी आमची इच्छा आहे. सणाच्या पानावर चटके, कापणे, गॅस असल्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना विनंती इतकीच की, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग ठरवावे.

ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या नावाने होतो. वेदांनी अग्नीला गृहपती म्हटले आहे आणि अतिथीही म्हटले आहे. घरात राहणारा, तरीही पाहुणा, अशी ही दुहेरी भूमिका मोठी विचार करण्यासारखी आहे. अतिथी आला की आपण त्याला योग्य आसन देतो, त्याच्याकडे लक्ष ठेवतो, त्याला एकटा टाकून शेजारी गप्पा मारायला जात नाही आणि निघताना त्याला रीतसर निरोप देतो. अग्नीचे आतिथ्यही असेच आहे. वेदांत त्याची आणखी दोन रूपे सांगितली आहेत. देवांकडे हवी पोहोचवणारा तो हव्यवाहन आणि मांस भक्षण करणारा तो क्रव्याद. एकच देव, एकच ज्वाला. आमच्या चुलीतला अग्नी हव्यवाहन राहावा की क्रव्याद व्हावा, हे बहुतेक वेळा आमच्याच सावधपणावर अवलंबून असते.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ‘पंचसूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे हिंसेचे स्थान. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने होत. तेथे नकळत सूक्ष्म जीव मरतात, त्याचे परिमार्जन म्हणून पंचमहायज्ञ सांगितले. किडामुंगीच्या प्राणाची एवढी चिंता वाहणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. मग त्याच चुलीपाशी घरची सून भाजते, त्याच विळीवर मुलीचे बोट कापते, त्याच पाण्याने नातू पोळतो, तेव्हा ‘चालायचेच, स्वयंपाकघर म्हटले की चटके आलेच’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

एक घरचे आख्यान

कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान लावण्याची रीत आहे. आजचे आख्यान पुराणातले नाही, आमच्याच घरचे आहे.

गोष्ट १९९३ सालच्या लक्ष्मीपूजनाची. कृष्णाकाठच्या आमच्या गावी त्या आठवड्यात आमची ओळीने कीर्तने चालली होती. घरी पाहुणे होते. मातोश्रींचे सोवळे कडक. आमच्या सौ. पहाटेपासून निराहार राहून नैवेद्याच्या तयारीत होत्या. मुहूर्त जवळ आला तसे आम्ही पाटावर बसल्या बसल्या हाक दिली, ‘झाले का?’ थोड्या वेळाने पुन्हा दिली. तिसरी हाक जरा चढ्या स्वरातच गेली. घरात शेगडी दोनच तोंडांची. प्रसादाच्या शिऱ्यासाठी एक तोंड मोकळे करायचे म्हणून त्यांनी तळणीची तापलेली कढई घाईने उचलली. सांडशी शोधायला वेळ नव्हता, म्हणून ओलसर पदराने उचलली. ओल्या कापडातून उष्णता झर्रकन हाताला पोहोचते. हात पोळला, कढई कलली आणि तेल उजव्या हातावर व पावलावर आले.

पुढचे सांगताना आजही संकोच होतो. धावत आलेल्यांपैकी एकाने शाई ओतली, दुसऱ्याने कणीक थापली आणि आम्ही स्वतः, शास्त्री म्हणवणाऱ्यांनी, देवघरातले साजूक तूप आणून चोपडले. साधे नळाचे पाणी कोणालाही सुचले नाही. डॉक्टरांचा बराच वेळ ते लेप काढण्यातच गेला. जखम भरली, परंतु कातडी आखडली. त्यांची करंगळी आणि अनामिका तेव्हापासून वाकलेलीच आहेत. रोज आरतीच्या वेळी त्या हात जोडतात तेव्हा ती दोन बोटे समोरच्या बोटांशी जुळत नाहीत.

त्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी आमचे कीर्तन होते आणि निरूपणाचा विषय होता ‘भूतदया’. तेव्हापासून त्या विषयावर बोलताना आमचा आवाज पहिल्यासारखा चढत नाही. असो.

घाई, उपवास आणि सोवळे

पुढे अनेक घरी चौकशी करता असे ध्यानात आले की, सणाच्या अपघातामागे कढई किंवा गॅस हे कारण दुय्यम असते. मुख्य कारणे तीन: घाई, अपुरी झोप आणि रिकामे पोट. ज्या बाईने पहाटेपासून पाण्यावाचून दुसरे काही घेतलेले नाही, तिच्या हाताला दुपारी कंप सुटला तर नवल नाही. नवविवाहिता, कुमारिका, आजारी आणि गर्भवती यांना अतिथींच्याही आधी जेवू घालावे, अशी आज्ञा मनुस्मृतीतच आहे. नैवेद्यापूर्वी दूध-फळ घेतल्याने धर्म बुडत नाही. आणि नैवेद्य अर्धा घटका उशिरा झाला म्हणून देव रुसल्याची कथा आमच्या तरी वाचनात नाही.

सोवळ्याच्या वस्त्राविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वी सोवळ्याला अस्सल रेशीम किंवा लोकरीची धाबळी असे. ही दोन्ही वस्त्रे सहजासहजी पेट घेत नाहीत. आता त्यांच्या जागी ‘रेशमासारखे दिसणारे’ नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे पातळ आले आहे. ते पेटले की वितळून अंगाला चिकटते आणि जखम खोल करते. त्याला सोवळे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. अस्सल रेशीम नसेल तर स्वच्छ धुतलेले सुती वस्त्र नेसावे. सूतही पेट घेते, म्हणून पदर खोचून कमरेशी घट्ट बांधावा, लांब बाह्या मुडपाव्यात आणि मोकळे केस बांधावेत. पदर हा कढई उतरवण्यासाठी नाही. त्यासाठी कोरडे जाड फडके आणि सांडशी शेगडीच्या डाव्या-उजव्या हाताशी टांगलेली असावी. सांडशीचा खिळा सैल झाला असेल तर दिवाळीपूर्वी तो ठोकून घ्यावा. सणासाठी आपण नव्या पणत्या घेतो, मग ही डागडुजी का करू नये?

तळणीची कढई

पाणी १०० अंशांवर उकळते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांपर्यंत तापलेले असते. अशा तेलात पाण्याचा थेंब पडला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तेल अंगावर उडते ते यामुळे. म्हणून झारा, हात आणि कढई कोरडी असावी, आणि कढई निम्म्याहून अधिक भरू नये. चिवड्याचे पोहे तळताना फेस वर येतो, तो मावण्यास जागा हवी.

चकली किंवा कडबोळे वरून टाकू नये. झाऱ्यावर घेऊन कढईच्या कडेने, आपल्यापासून दूरच्या बाजूला, अलगद सोडावे. जिन्नसाच्या आत कोंडलेली हवा किंवा ओल बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो फुटतो. साबुदाण्याचा वडा फुटतो तो बहुधा साबुदाणा नीट न भिजल्यामुळे. भज्याची मिरची उभी चिरून किंवा निदान टोचूनच तेलात सोडावी. अनारसा तुपात हसला तर हसू द्यावा. त्याचे तुकडे गोळा करण्यासाठी कढईवर वाकू नये. चेहरा वाचणे अनारशाहून मोलाचे आहे.

पाकाकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. रव्याच्या किंवा बुंदीच्या लाडवाचा पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतो, शिवाय तो चिकट. पाणी ओघळून जाते, पाक कातडीला धरून बसतो. तार बोटांवर पाहण्याची सवय असणाऱ्यांनी थेंब आधी ताटलीत घ्यावा, निवू द्यावा आणि मगच बोट लावावे.

तेल तापत ठेवून दाराशी आलेल्याशी बोलायला जाणे, हा तर पाहुण्याला एकटे टाकण्याचाच प्रकार झाला. तेलातून धूर येऊ लागला म्हणजे ते पेटण्याच्या वाटेला लागले असे समजावे आणि आच बंद करावी. कढईतले तेल पेटलेच तर त्यावर पाणी कदापि ओतू नये. पाण्याने ज्वाला छतापर्यंत उसळते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावू नये. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करावा आणि परात किंवा मोठे झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवावे. वारा मिळाला नाही की अग्नी शांत होतो. झाकण लगेच उघडू नये, तेल पुरते निवू द्यावे. तळण असेल त्या दिवशी अशी एक परात शेगडीजवळ उभी करून ठेवण्याचा आमच्या घरी आता नेम आहे.

वाफ, कुकर आणि गॅस

वाफ डोळ्यांना धड दिसत नाही, म्हणून ती फसवते. मोदकपात्राचे वा पातेल्याचे झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ समोर निघून जाते. कुकरमध्ये दोन तृतीयांशाहून अधिक आणि डाळी-कडधान्ये असतील तर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण डाळीचा फेस वाफेची नळी बुजवतो. दर वेळी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावे. रबरी कडे कडक झाले किंवा चिरले की बदलावे. आतली वाफ पूर्ण जिरण्यापूर्वी झाकणाशी झटापट करू नये. पाहुणे ताटावर बसले असले तरी करू नये.

गॅसविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा वायू हवेहून जड आहे. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा तो वास म्हणजे धोक्याची सूचनाच होय. सिलिंडर उभाच असावा, शेगडी त्याहून उंचावर असावी, नळी मुदतीत बदलावी आणि रात्री रेग्युलेटर बंद करावा. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंखाही लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सर्वांनी बाहेर जावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर गॅसच्या तक्रारीसाठी दूरध्वनी करावा.

येथे धार्मिक कुटुंबांपुढे एक अडचण येते. शहरातल्या लहान घरांत देवघर पुष्कळदा स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात असते. तेथे नंदादीप तेवत असतो, उदबत्ती जळत असते. गॅसचा वास येताच त्यांना प्रथम निरोप द्यावा. ‘देवापुढचा दिवा कसा मालवू?’ अशी शंका मनात आणू नये. माणसे वाचवण्यासाठी शांत केलेला दिवा हा अपशकुन नव्हे, आपद्धर्म आहे. देवाला नमस्कार करून दिवा शांत करावा, घर निर्धोक झाल्यावर पुन्हा लावावा. एरवीही देव्हारा शेगडीपासून आणि सिलिंडरपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा. निरांजन उघड्या फळीवर न ठेवता ताम्हणात ठेवावे; रात्री उंदीर तुपाची फुलवात ओढून नेतो, हे जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

धार आणि मुले

विळीचे काम संपले की ती मिटून, पाते भिंतीकडे करून ठेवावी, असे थोरल्या बायका सांगत. तो नियम आजही सोडू नये. नारळ हातात धरून कोयत्याने फोडू नये. बोथट सुरी अधिक घात करते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. मिक्सरच्या भांड्यात बोट घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन काढून ठेवावी. बोट कापले तर स्वच्छ पाण्याने धुऊन, धुतलेल्या फडक्याने घट्ट दाबून, हात उंच धरावा. डब्यातली हळद चिमटीने जखमेत भरण्याची सवय सोडावी. फोडणीच्या डब्यात सगळ्यांचे हात गेलेले असतात. जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा मुलांच्या आनंदाचा क्षण असतो, परंतु तीच वेळ अपघाताचीही आहे. उकळते पाणी पातेल्याने मोरीपर्यंत नेताना वाटेत पोर आडवे येते. बादलीत प्रथम थंड पाणी घालावे, मग कढत. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचएक सेकंदांत खोल भाजते; बालकांची त्याहून लवकर. ओट्यावरच्या भांड्याचे दांडे आतल्या बाजूला वळवावेत आणि तळण चालू असताना रांगत्या-पळत्या मुलांना एखाद्या वडीलधाऱ्याने बाहेर सांभाळावे. आजोबांना याहून पुण्यप्रद काम त्या घटकेला दुसरे नाही.

भाजल्यास काय करावे

उदक हाच पहिला उपचार. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. घड्याळ लावून धरावा, कारण वेदनेत दोन मिनिटेही वीस वाटतात. बर्फ लावू नये. शाई, कणीक, तूप, हळद, बटाटा, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, जोडवी उतरवावीत. सवाष्णीने दिवाळीत बांगड्या कशा काढाव्या, हा विचार त्या क्षणी करू नये. सूज आल्यावर त्याच बांगड्या कापून काढाव्या लागतात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नये. स्वच्छ धुतलेल्या कापडाने जखम सैल झाकावी. जखम तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा भाजला असेल किंवा भाजणारे लहान मूल वा वृद्ध असेल, तर विनाविलंब दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. अंगावरचे वस्त्र पेटले तर धावू नये, धावल्याने वारा लागून ज्वाला वाढते. तेथेच जमिनीवर पडून लोळावे. इतरांनी घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळावी आणि ज्वाला विझताच पाणी ओतावे.

नळराजाचा वर

महाभारतातल्या नलोपाख्यानात एक सुंदर प्रसंग आहे. बाहुकाच्या विद्रूप वेषात नळराजा विदर्भात कुंडिनपुरी आला असता, दमयंतीने केशिनी दासीला त्याचा स्वयंपाक पाहण्यास पाठविले. केशिनी परत येऊन सांगू लागली की, हा अग्नीला हात लावतो तरी भाजत नाही. दमयंतीने त्यावरून पती ओळखला. स्वयंवराच्या वेळी देवांनी नळाला वर दिले होते. त्यांत अन्नाच्या रसाचे ज्ञान देणारा देव कोण होता? साक्षात यमधर्म! पाकसिद्धी आणि मृत्यू यांचा असा निकटचा संबंध आपल्या पूर्वजांना दिसला होता. आपल्या घरच्या गृहिणीला मात्र असा वर कोणी दिलेला नाही. तिला अग्नी भाजतो. वराची उणीव आपण सर्वांनी मिळून सावधपणाने भरून काढायची आहे.

आश्विन वद्य त्रयोदशीला आपण कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो. त्याची कथा सर्वश्रुत आहे. प्राण हरण करताना तुम्हांला कधी दया आली का, असे यमाने दूतांना विचारले. विवाहानंतर चौथ्याच दिवशी मरण पावलेल्या हेमराजाच्या पुत्राचे प्राण आणताना आमचेही डोळे भरून आले, असे दूत म्हणाले. असा अपमृत्यू कोणाला न यावा म्हणून यमाने दीपदान सांगितले. त्याच दिवशी धन्वंतरीचे पूजनही होते. दीपदान आणि वैद्यदेवतेचे पूजन एकाच तिथीला यावे, यातच प्रार्थनेबरोबर उपायही करावा हा संकेत नाही काय?

म्हणून यंदा दक्षिणेला दिवा ठेवल्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाने एक फेरी स्वयंपाकघरात मारावी. नळी, रेग्युलेटर, कुकरचे कडे, सांडशी, पाते एकेक पाहावे. आणि तळणाच्या दिवशी पाटावर बसून हाका मारण्याऐवजी सोऱ्या हाती घ्यावा. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे चकल्या आम्हीच पाडतो. त्या फार सुबक होतात असे नाही, सौ. तसे सांगूनही दाखवतात. पण नैवेद्याच्या वेळी त्या आमच्याशेजारी बसलेल्या असतात, आरतीला हात जोडतात आणि आम्ही त्या दोन वाकलेल्या बोटांकडे पाहून मनातल्या मनात क्षमा मागतो.

ही दीपावली सर्व माताभगिनींना निर्विघ्न जावो, प्रत्येक घरचा अग्निदेव हव्यवाहनच राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना. शुभं भवतु.